आवतण नसलेलं पान

▸ धुकं

धुकं ज्वारीच्या कमरेला होतं. वर कोवळी उन्हं, खाली सगळं पांढरं, आणि त्या पांढऱ्यात लांबपर्यंत कोप्या उभ्या होत्या. कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवून केलेल्या, वरून शाल पांघरलेल्या, एखादं माणूस वाकून शिरेल एवढ्याच. प्रत्येक कोपीत चुना लावलेले पाच दगड. ते पांडव. त्यांच्यापुढं मडक्यात आंबील.

मार्गशीर्षातल्या या अमावास्येला मुरुमचं अख्खं गाव शेतात येतं. येळवस म्हणतात तिला. या दिवशी गावात कुलपं राहतात आणि शिवारात माणसं. ज्याच्या बांधावरून तुम्ही जाल तो हाक मारतो, आणि हाक आली की नाही म्हणायचं नसतं. बसायचं, पालेभाज्यांच्या भज्जीशी बाजरीचा उकडलेला उंडा खायचा, पेलाभर आंबील प्यायची. हात धुता धुता तो म्हणतो, आता त्याच्याकडं जा, त्याची खीर चाखून बघ. तुम्ही उठता. पुढचा बांध, पुढची हाक. संध्याकाळी कुणी विचारलं की कुठं कुठं गेला होतात, तर सांगता येत नाही.

शिवांजली कितीतरी वर्षांनी येळवशीला आली होती. पुण्याहून. लग्न झाल्यापासून दर वर्षी काही ना काही निघायचं. अव्वा, म्हणजे तिची आई, फोनवर विचारायची, "यंदा येतीस का?" ती म्हणायची, "पुढच्या साली नक्की." गेल्या आषाढात अव्वा गेली.

आता कोपीच्या तोंडासमोर कुणीच बसलेलं नव्हतं. राजशेखरअप्पा, तिचे वडील, टॉवेल खांद्यावर टाकून शाल नीट करत होते. शिवांजलीच्या हातात फोन होता. त्यात अप्पांची शेतं होती, एक सोडून सगळी. जे नव्हतं ते तिच्या आईचं

▸ पान

पान म्हणजे काय हे आधी सांगायला हवं.

अप्पांचं मुरुमच्या बाजारात बी-बियाणांचं दुकान. पेरणीचे दिवस सोडले तर दुपारी गिऱ्हाईक नाही. त्या रिकाम्या दुपारांत अप्पांनी इंटरनेटवरच्या एका फुकटच्या जागेत लिहायला घेतलं. नाव ठेवलं 'येळवस'. त्याला सुरुवात नव्हती, शेवट नव्हता. एकेक पान म्हणजे एकेकाचं शेत. पानात कुठंतरी एका शब्दाखाली रेघ. त्या शब्दावर बोट ठेवलं की दुसऱ्याच्या शेतात. जग त्याला लिंक म्हणतं. अप्पा आवतण म्हणायचे.

काही पानं त्यांची, काही दुसऱ्यांनी सांगितलेली. फार लोक वाचत नव्हते. जे वाचत होते ते हरवायलाच येत होते.

या महिन्याच्या अखेरीस ती फुकटची जागा बंद होणार होती. आत शिरायचा पासवर्ड अप्पांच्या डोक्यातून गेला होता, आणि ज्या मोबाईल नंबरावर तो परत मिळाला असता तो नंबर रिचार्ज न केल्यामुळं दुसऱ्याच कुणाचा झाला होता. मग शिवांजलीनं पुण्यात बसून, आवतणामागून आवतण धरत, एकेक पान उघडलं, उतरवून घेतलं, आणि स्वतःच्या एका नव्या जागेत सगळं शिवार पुन्हा मांडलं. संध्याकाळी ऑफिसातून आली की ती या शेतातून त्या शेतात फिरायची. नवरा म्हणायचा, "आज कुठं जेवलीस?"

सगळं मिळालं. अव्वाचं पान मिळालं नाही. ते आहे हे नक्की होतं. लिहिलं तेव्हा अप्पांनी फोनवर सांगितलं होतं, "तुझ्या आईचं बी पान केलंय. कानडीत बोलली, म्या मराठीत उतरवलं." तेव्हा शिवांजली म्हणाली होती, वा, वाचते. आणि वाचलं नव्हतं. अव्वाला लिहिता येत नव्हतं. तिचा आवाज कुणी टिपून ठेवला नव्हता. तिचं सलग बोलणं जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, आणि तिथं जायला वाट नव्हती.

"अप्पा, आठवून सांगा," ती म्हणाली. "अव्वाच्या पानाला लिंक कुठून दिली होती तुम्ही?"

"आवतण?"

"तेच."

"न्हाय दिलं."

"का?"

अप्पांनी शाल सोडली आणि तिच्याकडं असं पाहिलं की जणू तिनं पेरणी कशाला करायची असं विचारलंय. "घरच्याला कसलं आवतण? उद्या म्हणशील चुलीला द्या, उंबऱ्याला द्या. आवतण पाव्हण्याला असतंय. घरची बाई तिथंच असती की."

"तिथं म्हणजे कुठं?"

अप्पांनी कोपीकडं हात केला. मग तो हात हवेतच राहिला.

"पत्ता तरी? वर अक्षरं असतात ती?"

"त्ये मशीनच देतंय. लांबलचक. मंतर असल्यागत. कुणाच्या ध्यानात राहतंय?"

असा घोळ दुसऱ्या कुठल्या गावच्या माणसानं घातला नसता. जगभरची शेतं जोडली आणि स्वतःच्या बायकोचं तेवढं, मानानं, उघड्यावर सोडून दिलं.

शिवांजलीनं मुकाट्यानं आंबिलीचं मडकं उचललं. आता शेताला फेरी मारून पिकावर आंबील शिंपायची होती.

"ठेव त्ये," अप्पा म्हणाले. "ते घरच्याचं काम. तू पाव्हणी हाईस. बस निवांत."

"मी पाव्हणी?"

"मग? दिल्या घरची तू."

"मला द्यायला मी काय बियाण्याची पिशवी होते?"

"म्या न्हाय, रीतीनं केलं," अप्पा म्हणाले, आणि मडकं डोक्यावर घेऊन ज्वारीत शिरले. थोड्या वेळानं धुक्यातून फक्त त्यांचा आवाज येत राहिला, आंबील शिंपताना द्यायचा कानडीतला जुना पुकारा, ज्याचा अर्थ मराठीत विचारला की सगळे हसतात. तिनं फोन उघडला. बोट ज्या शेतावर पडलं ते होतं

▸ गुंडप्पाचं

(हे अप्पांच्या 'येळवस'मधलं.)

गुंडप्पाच्या शेतात बाभळ आहे आणि बाभळीखाली पोथी. श्रावणात मठात पुराण लागतं तेव्हा तो कानडीत ओवी वाचतो आणि दुसरा कुणी मराठीत अर्थ सांगतो. वाचता वाचता गुंडप्पा थांबतो. म्हणतो, ही ओळ या पोथीवाल्याची नाही. याच्याआधी कुणीतरी होऊन गेला, त्याची आहे. यानं तिला बोलावून आणली, पाटावर बसवली, आता ती उठायला तयार नाही.

अर्थ सांगणारा विचारतो, कुणाची? गुंडप्पा पान उलटतो. म्हणतो, ज्याची होती त्यानंही कुणाकडून तरी आणली असेल.

मी दुकानात बसून हे लिहितो. लिहिताना कळतं की पुस्तकंही येळवस करतात. एकमेकांच्या शेतात जाऊन जेवतात. तुम्ही एक उघडता, त्यातली एक ओळ तुमचा हात धरते, आणि तुम्ही दुसऱ्याच्या

▸ बाभळीखाली

शिवांजली बांध ओलांडून गेली तर खरा गुंडप्पा बाभळीखालीच बसला होता, पोथीऐवजी वांगी भाजत. अप्पांचा लहानपणापासूनचा दोस्त, आता दात थोडे आणि आवाज पूर्वीइतकाच.

"बा, बा! राजशेखरची लेक न्हवं? ये, बस. जेव. मग बोल."

"काका, मला विचारायचं होतं—"

"जेवल्याबिगर आमच्या शेतात प्रश्न चालत न्हाईत."

ती जेवली. मग विचारलं. गुंडप्पानं वांग्याचं साल सोलता सोलता सगळं ऐकून घेतलं आणि एवढा हसला की राख उडाली.

"आवतण न्हाय दिलं? बरोबर हाय त्याचं! म्या बी न्हाय देणार माझ्या बायकोला." मग मागं वळून बायकोकडं पाहिलं. ती ऐकत होती. "म्हंजे... दिलं असतं. आता देतो."

"काका, थट्टा नको. चार दिवसांत सगळं पुसलं जाणार."

गुंडप्पानं वांगं ताटलीत ठेवलं. मग म्हणाला, "तुला एक ठाव हाय का पोरी? तुझी अव्वा येळवशीला कधी कुणाच्या शेतात गेली न्हाय. आमी सगळे तिच्या हातची भज्जी खाल्लेले. पर ती? कोपीपाशी कुणीतरी बसाय लागतंय. ती बसायची. एकदा एक बाई आली होती पाव्हणी, सास्तूरची. चारुशीला बाई. शाळंत मास्तरीण. त्येंनी बघितलं. म्हणाल्या, शरणम्मा, तुम्हाला कुणीच बोलवत नाही का हो? तुझी अव्वा काय म्हणली? 'म्या बोलवणारी हाय.' बाई म्हणल्या, मग मी बोलावते. आता त्या बाईला शेत न्हाय ना शिवार! म्या म्हणलं, बाई, शेत न्हाय तर आवतण कशाचं? तर म्हणल्या, ज्याला शेत न्हाय त्यानं बोलवू नये असं कुठल्या पोथीत लिवलंय? म्या सगळ्या पोथ्या आठवून बघितल्या." त्यानं वांग्यात तिखट-मीठ कालवलं. "कुठंच न्हाय लिवलेलं."

"मग बोलावलं त्यांनी?"

"त्ये मला काय ठाव? म्या एवढंच सांगतो, आता त्येंच्याकडं जा."

येळवशीला कुणी असं म्हणालं की जायचंच असतं. शिवांजलीनं अप्पांची स्कूटी काढली आणि सास्तूरच्या

▸ वाटेला

लागली आणि

"ओ ताई! थांबा की! अशा कोरड्याच निघाल्या?"

थांबली. कुणाचं शेत माहीत नाही. आंबील थंडगार, वर लसणाची फोडणी. चिंचेला झोका बांधलेला. झोक्यावरची म्हातारी म्हणाली, "कुणाची गं तू?" ती म्हणाली, "शरणम्माची." आयुष्यात पहिल्यांदा तिनं असं उत्तर दिलं. अप्पांचं नाव तोंडावर यायच्या आधी हे आलं. म्हातारी म्हणाली, "तिच्या भज्जीत आंबट चुका असायचा. बाकीच्या घालायला इसरतात." मग हात धुऊन निघाली आणि

"या, या! ऊन चढलंय, सावलीला या!"

करडईच्या कडेला सतरंजी. इथं सगळे कानडीत बोलत होते. तिला समजत होतं, पण बोलायला गेली की मराठीच यायचं. कुणी हसलं नाही. एका बाईनं तिच्या ताटात खीर वाढता वाढता एक वाक्य म्हटलं, आणि ते वाक्य शिवांजलीला ओळखीचं वाटलं. कुठं वाचलं? अप्पांच्या कुठल्या पानात? का पान लिहिण्याआधी अप्पांनी ते याच शेतात ऐकलं होतं? तिनं विचारलं, हे कुणाचं? बाई म्हणाली, "आमच्या सासूबाईंचं." सासूबाईंचं कुणाचं, ते विचारायच्या आत पुढच्या बांधावरून हाक आली आणि

येणेगूर ओलांडलं की नाही, आठवत नाही. डांबरी रस्ता हरभऱ्यात शिरायचा आणि तुरीतून निघायचा. धूर सगळीकडं सारखाच, सरळ वर जाणारा. गाडी पुढं चालली होती की शेतं मागं, हेही नीट कळत नव्हतं. पोट भरलेलं, डोळ्यांवर ऊन. मागं वळून पाहिलं तर कुठून आपण आलो ते सांगता आलं नसतं, पण पुढं कुठं जायचं ते प्रत्येक जण सांगत होता. पुण्यात रात्री बोटानं जे केलं होतं तेच आता ती अंगानं करत होती. फरक एवढाच की इथं शब्दाखालची रेघ म्हणजे बांध होता आणि बांधावर कुणीतरी उभं

▸ गच्ची

सास्तूर भूकंपानंतर नव्यानं वसलेलं. सरळ गल्ल्या, एकसारखी घरं. आज गल्ल्या रिकाम्या. एकाच घराच्या गच्चीवरून धूर येत होता.

"वर ये!" आवाज आला. "शेतात ये गं, चप्पल खाली काढ!"

चारुशीला काकू मूळच्या तुळजापूरच्या. शाळेच्या नोकरीनं सास्तूरला आल्या आणि निवृत्त झाल्यावर परत गेल्या नाहीत. त्यांच्या गच्चीवर रंगाचे रिकामे डबे ओळीनं मांडलेले होते. डब्यांत हरभरा, गहू, दोन-तीन ज्वारीची ताटं. मधल्या डब्यात खराट्याच्या काड्यांची वीतभर कोपी. तिच्यावर हातरुमाल पांघरलेला. आत पाच खडे.

"हसू नकोस," काकू म्हणाल्या. "शेत आहे ते. वानरं पण येतात, म्हणजे खरंच शेत आहे."

"काकू, मी शरणम्माची."

"कळलं मला. चालताना तशीच बघतेस, आधी चुलीकडं." त्यांनी तिच्या हातावर उंडा ठेवला. "एवढा खा. आमची भज्जी जरा बामणी आहे, गोडसर. तुझी आई खाऊन म्हणाली होती, 'बाई, हे औषध हाय का?'"

"अव्वा इथं आली होती?"

"छे गं. डबा पाठवला होता मी. ती कुठं यायला."

शिवांजलीनं विचारलं. चार दिवसांचं सांगितलं, पासवर्डचं, घरच्याला आवतण नसतं ते सांगितलं. काकू ऐकत राहिल्या आणि ऐकता ऐकताच आत जाऊन टॅब घेऊन आल्या. पदरानं काच पुसली.

"शरणम्मानं सांगितलं कानडीत. तुझ्या वडिलांनी मराठीत लिहिलं आणि नेहमीसारखं तपासायला मला पाठवलं. बाकी सगळ्यांची पानं मी तपासली. तिचं नाही तपासलं. त्यात काय तपासायचं? वाचलं फक्त. मी माझं एक लिहीत असते इथं, या डब्यांविषयी. ब्लॉग म्हण. कुणी वाचत नाही, वानरंसुद्धा नाही. त्यात एका ठिकाणी तिला बोलावलं."

"अप्पांना सांगितलं नाही?"

"ते म्हणाले असते, घरच्याला—"

दोघी एकदम हसल्या. मग काचेवर एक गोल फिरायला लागला. आज सगळी माणसं शेतात, सगळे फोन शेतात, गोल फिरतच राहिला. शिवांजलीनं टॅब घेऊन गच्चीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेला. गव्हाच्या डब्याजवळ पान उघडलं. काकूंचं. हरभऱ्याला घाटे धरले नाहीत याची तक्रार, कबुतरांना शिव्या, आणि शेवटची ओळ: *माझ्या शेतात एक पाहुणी यायची आहे, ती स्वतःच्या शेतातून उठत नाही, तोवर तुम्ही तिच्याकडे जाऊन या.* 'तिच्याकडे' खाली रेघ होती.

बोट ठेवताना शिवांजलीला वाटलं, आत गेल्यावर चप्पल काढायची

▸ शरणम्मा

*माझं नाव शरणम्मा. मला लिहिता येत नाही. हे लिहीत आहेत.*

*येळवशीला सगळे हिंडतात. कोपीपाशी कुणीतरी बसावं लागतं, नाहीतर पांडव एकटे पडतात आणि आंबिलीत माशी पडते. मी बसते.*

*आलेला माणूस जेवताना सांगतो की कुणी झोका बांधला, कुणाची खीर लागली, कुणाच्या शेतात मोर आला. मी ऐकते. ऐकून ऐकून सगळी शेतं मला माहीत झाली, न जाता. धूर बघून सांगते कुणाच्या चुलीवर आता काय आहे.*

*हे शेत यांचं आहे. माझा म्हणशील तर कोपीच्या तोंडासमोरचा तुकडा. पदराएवढा. बसून बसून गुळगुळीत झालाय. तिथं गवत येत नाही.*

*तू वाट चुकून आला असशील तर बस. कुणी पाठवलं ते सांगू नको. आधी आंबील पी.*

*लेक पुण्याला आहे. ती आली की मी उठेन. तिला इथं बसवीन, आणि एकदा सगळीकडं हिंडून येईन.*

एवढंच होतं. पण त्या पानात रेघ नसलेला शब्दच नव्हता. खीर, झोका, मोर, धूर, चूल, माशी, सगळ्यांखाली रेघ. प्रत्येक शब्दातून कुणाच्या ना कुणाच्या शेतात वाट जात होती. जिला कुणी बोलावलं नव्हतं तिनं सगळ्यांना बोलावून ठेवलं होतं.

शिवांजलीनं 'लेक' वर बोट ठेवलं.

▸ लेक

हे पान अजून नाही.

▸ 

"रड थोडी," काकू म्हणाल्या. "मग आंबील पी. मग उतरवून घे ते पटकन, नेट आहे तोवर."

तिनं उतरवून घेतलं. काकूंनी डब्यातला हरभऱ्याचा एक डहाळा उपटून तिच्या गाडीच्या हँडलला खोचला. "रिकामी नको जाऊस. आणि आता कुणाकडं जायचं ते मी सांगते. घरी जा."

परतताना कुणी हाक मारली नाही, किंवा मारली असेल.

▸ तुकडा

मुरुमच्या शेतात ती पोचली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. अप्पा बांधावर बसून हेंडगा बांधत होते. वाळक्या गवताची, कडब्याची पेंडी. दिवस मावळताना ती पेटवून शेताभोवती पळवायची असते.

"मिळालं?" त्यांनी वर न बघता विचारलं. सकाळपासून त्यांना काळजी नव्हती असं नव्हतं. पेंडी तीनदा बांधून सोडली होती, खाली पडलेल्या गवतावरून दिसत होतं.

शिवांजली कोपीपाशी गेली. तोंडासमोर पाहिलं. सकाळी दिसला नव्हता तो तुकडा. पदराएवढा, गुळगुळीत, कडेनं गवताच्या बारीक काड्या आत यायला लागलेल्या. ती त्यावर बसली.

अप्पांनी तोंड उघडलं. पाव्हणी म्हणायला असेल. मिटलं.

तिनं वाचून दाखवलं. अप्पांनी ऐकलं, स्वतःच्याच हातानं लिहिलेलं, अनोळखी असल्यागत. 'बस' या शब्दाशी त्यांनी तिला थांबवलं.

"असं न्हवती म्हणली ती."

"मग?"

"'बा, कुंड्रु' म्हणली होती. म्हंजे ये, बस. म्या त्याचं नुसतं 'बस' केलं." त्यांनी पेंडीतली एक काडी ओढून काढली. "बा, कुंड्रु. अशी म्हणायची. बा जरा लांब."

"म्हणून दाखवा."

अप्पांनी म्हणून दाखवलं. बा जरा लांब होता. कोपीच्या आतून आल्यासारखा वाटला, पण ते वारं असेल.

मग शिवांजली म्हणाली, "अप्पा, घरच्याला आवतण नसतं ना?"

"नसतं."

"मी घरची नाही ना? दिल्या घरची?"

अप्पांनी पेंडीची गाठ मारली. सोडली. पुन्हा मारली. "तसं म्हणलं तर... न्हाईस."

"मग मला देता येतं. अव्वाला आवतण. पाव्हणीनं पाव्हणीला."

पलीकडच्या शेतात कुणीतरी झोका सोडत होतं, दोर झाडाला घासल्याचा आवाज येत होता. सकाळी ज्या रीतीनं मडकं हातातून काढून घेतलं होतं, तीच रीत आता अप्पांना आपल्याच बांधावर उलटी उभी दिसत होती, आणि तिला नाही म्हणायला जागा नव्हती.

"व्हय," ते शेवटी म्हणाले. "तुला देता येतंय की. मला न्हाय येत. तुला येतंय."

गुळगुळीत तुकड्यावर बसूनच तिनं नव्या जागेत अव्वाचं पान मांडलं, त्यातला एकेक शब्द नव्या शेतांना जोडत गेली. खीर तिथं. मोर तिथं. धूर गुंडप्पाकडं. शेवटी जे पान अजून नव्हतं ते उघडलं. कोरं. वर लिहिलं, लेक. खाली काय लिहावं ते सुचेना. पुण्यात शेत नाही. काकूंसारखे डबेही नाहीत. दुसऱ्या मजल्यावर एक खिडकी आहे, तिच्यात तुळशीचं रोप, तेही अर्धं वाळलेलं. तिनं तेच लिहिलं. मग लिहिलं:

*मी आले आहे. तुझ्या जागेवर बसले आहे. आंबिलीवर झाकण ठेवलंय, माशी पडणार नाही. आता ऊठ, अव्वा.*

'अव्वा' खाली रेघ ओढली.

दिवस मावळला. शिवारात पहिला हेंडगा पेटला, मग दुसरा. अप्पांनी आपला पेटवला नव्हता. त्यांनी हात पुढं केला. "आण इकडं."

तिनं फोन दिला. अप्पांनी ओल्या मातीचं बोट टॉवेलला पुसलं आणि 'अव्वा' वर ठेवलं. पान उघडलं. काचेचा उजेड त्यांच्या हनुवटीवर पडला. त्यांनी वाचलं नाही. एका शब्दावर बोट ठेवलं. दुसऱ्यावर. बोट अडखळत होतं, मग अडखळेनासं झालं.

"निघाली," ते म्हणाले.

शिवांजलीनं आंबिलीवरचं झाकण नीट केलं.

"गुंडप्पाकडं गेली बघ. बसली बाभळीखाली. वांगं खातीया." पुन्हा बोट. "आता चिंचंखाली. झोका बघती. बसणार का? बस की गं, कोण बघतंय!" पुन्हा बोट. "करडईत शिरली. आता कुठं... आता हितनं पुढचं मला बी ठाव न्हाय."

लांबवर ज्वाळा शेतांच्या कडेनं पळत होत्या. एकीची वाट दुसरीच्या बांधाला लागायची आणि त्या क्षणी कुठली कुणाची ते कळायचं नाही.

"अप्पा, हेंडगा," ती म्हणाली. "आपलंच शेत राहिलंय."

"थांब जरा. तिला पुढल्या शेतात पोचू दे."

"परत कधी येईल?"

अप्पांनी काचेवरून नजर काढली नाही.

"येळवशीला परत यायची घाई कुणाला असती? तू बस तिथंच," ते म्हणाले. "कुणी आलं तर आंबील दे."